घाटातला गोड वास

मणिबेली हे नंदुरबार जिल्ह्याचं नर्मदाकाठचं टोक. सरदार सरोवराच्या पाण्यानं महाराष्ट्रात पहिल्यांदा ज्या गावाला वेढलं, ते हेच. १९९३च्या पावसाळ्यातली ती गोष्ट. आजही निवडणुकीचे कर्मचारी इथं बोटीनं पोहोचतात. जमिनीच्या वाटेनं अक्कलकुवा गाठायचं, तर सातपुड्याचे चढउतार पार करत मोलगीला यायचं आणि पुढं देवगोई घाट उतरायचा. या पट्ट्यात आजारी माणूस, बाळंतीण, बाजाराची पोती, सगळं जीपगाड्यांच्या भरवशावर असतं. घाटात इंजिन बसलं, तर मदत यायला दिवस मोडू शकतो. म्हणूनच इंजिन बसण्याच्या बरंच आधी येणारा एक वास चालकांनी, आणि प्रवाशांनीही, ओळखायला हवा.

हा वास गोडसर, काहीसा गुळचट असतो. तो येतो कूलंटमधल्या इथिलीन ग्लायकॉलमुळे. इंजिनात जळणाऱ्या इंधनातली जेमतेम तिसरा हिस्सा ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते. उरलेल्या उष्णतेतली बरीचशी धुराड्यावाटे जाते आणि मोठा वाटा कूलंट उचलून रेडिएटरपर्यंत नेतं. पाणी आणि ग्लायकॉल निम्मं-निम्मं असेल तर ते मिश्रण सुमारे १०७ अंशांना उकळतं. त्यावर रेडिएटरच्या झाकणाचा दाब आला, की प्रेशर कुकरसारखंच घडतं आणि उत्कलनबिंदू सव्वाशे अंशांच्या पुढे जातो. घाटात या सगळ्याची कसोटी लागते. गाडी भरलेली, गिअर पहिला-दुसरा, इंजिन जोरात आणि वेग इतका कमी, की समोरून वारा जवळजवळ मिळतच नाही. सारा भार पंख्यावर येतो. जुना होज पाइप किंवा सैल क्लॅम्प अशा वेळी दाबाखाली पाझरायला लागतो.

सातपुड्यात फाल्गुन-चैत्रात एक घोळ होऊ शकतो. मोहाची फुलं पडतात, वेचून वाळत घातली जातात आणि आसमंतात गोड वास भरून राहतो. तेव्हा वास बाहेरचा की गाडीचा, हे आधी ठरवावं. बाहेरचा असेल, तर मोहाची झाडं मागे पडली की तो विरतो. गाडीचा वास गाडीबरोबर चालतो आणि बॉनेटजवळ गेलं की वाढतो.

वास कधी येतो, यावरून निम्मं निदान होतं. गाडी उभी करून इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांत वास आला, तर घाबरू नये, पण दुर्लक्षही करू नये. इंजिन थांबतं तेव्हा कूलंट फिरवणारा पंपही थांबतो, पण तापलेल्या लोखंडातली उष्णता कूलंटमध्ये उतरतच राहते. काही मिनिटं तापमान आणि दाब दोन्ही वाढतात आणि चालत्या गाडीत न दिसणारी बारीक गळती नेमकी तेव्हा बाहेर पडते. हीटर लावल्यावर केबिनमध्ये वास येत असेल, समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल किंवा शेजारच्या सीटखालचं पायपुसणं ओलं लागत असेल, तर संशय डॅशबोर्डमागच्या हीटर कोरवर घ्यावा. गोड वासाचा दाट पांढरा धूर सायलेन्सरमधून येत राहिला आणि इंजिन ऑइल दुधाळ झालं, तर बहुधा हेड गॅस्केट गेलेलं असतं. अशी गाडी पुढं रेटू नये. सकाळच्या गारठ्यातली थोडी वाफ मात्र वेगळी. तिला वास नसतो आणि ती इंजिन तापलं की थांबते. एसी लावलेल्या गाडीखाली साचणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणीही कूलंट नव्हे.

सगळ्यात घातक सवय म्हणजे वास आला की ओढ्याचं पाणी भरायचं आणि निघायचं. दर वेळी पाणी घातलं की ग्लायकॉल पातळ होत जातं. काही फेऱ्यांनंतर गोड वास जवळजवळ नाहीसा होतो आणि चालकाला वाटतं, दुखणं गेलं. गळती तिथंच असते, फक्त तिची खूण पुसली जाते. वर उकळण्याची मर्यादा खाली येते, गंजरोधक घटक संपतात आणि क्षारांचे थर रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवायला लागतात. तापमानाच्या काट्यावर विसंबणंही धोक्याचं आहे. त्याचा सेन्सर द्रवात बुडालेला असावा लागतो. पाणी त्याच्या खाली उतरलं, तर इंजिन होरपळत असताना काटा खालीच राहू शकतो.

मोठ्या गावातल्या गॅरेजमध्ये गळती शोधायची साधी साधनं असतात. थंड इंजिनाच्या रेडिएटरवर हातपंप बसवून झाकणावर लिहिलेला दाब द्यायचा. पंपावरचा काटा उतरला, तर कुठंतरी पाझर आहे. हेड गॅस्केटच्या शंकेसाठी एक निळं रसायन वापरतात. ज्वलनातला वायू कूलंटमध्ये मिसळत असेल, तर ते पिवळं होतं. झाकणाचीही तपासणी करून घ्यावी. ते स्वस्त असतं, म्हणूनच त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

या गोडीत विष आहे, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असावं. इथिलीन ग्लायकॉल पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्याच्याच कुळातल्या डायइथिलीन ग्लायकॉलची भेसळ झालेल्या ग्लिसरीननं १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्णांचे प्राण घेतले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. म्हणून गाडीतून काढलेलं कूलंट अंगणात किंवा परातीत उघडं ठेवू नये, ओढ्यात ओतू नये आणि पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नये. लेकरं, कुत्री, गुरं गोड चवीला भुलतात.

घाटातच वास आला, तर एसी असल्यास बंद करावा, केबिनचा हीटर पूर्ण लावावा, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता तिकडे वळते, आणि सपाट जागा पाहून गाडी उभी करावी. झाकणाला तासभर तरी हात लावू नये, कारण उसळणारं पाणी तोंड भाजतं. इंजिन निवल्यावर होज पाइपांच्या टोकांना, पंपाखाली आणि रेडिएटरच्या कडांना वाळलेले हिरवे, गुलाबी किंवा पांढुरके डाग शोधावेत. पाइप टोकालाच चिरला असेल आणि लांबीला जागा असेल, तर तेवढा तुकडा कापून क्लॅम्प पुन्हा आवळता येतो. पाणी घालावंच लागलं, तर किती लिटर घातलं आणि त्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली, हे कागदावर टिपून ठेवावं. अक्कलकुव्याच्या किंवा तळोद्याच्या मेकॅनिकला गळतीचा वेग त्यावरूनच कळतो.