मुंबई रेडिओची पेढी : बुडाली कशी, सावरली कशी

कारखान्यात कारागिराचे हात गुंतलेले असतात, डोळे कामावर असतात. मोकळा असतो तो फक्त कान. म्हणूनच जरीकाम करणारे, शिंपी, बॅगा शिवणारे यांच्या कारखान्यांत टीव्ही येण्याच्या कितीतरी आधी रेडिओ आला. वर्तमानपत्र वाचायचे तर काम थांबवावे लागते, रेडिओ ऐकताना काम चालूच राहते. या रेडिओकडे आज आम्ही करमणूक म्हणून नव्हे, तर धंदा म्हणून पाहणार आहोत. मुंबई केंद्राचा इतिहास ही एका पेढीचीच कहाणी आहे आणि व्यापारी बांधवांनी गाठीला बांधावे असे तिच्यात पुष्कळ आहे.

खेळते भांडवल संपले

जून 1923 मध्ये रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेच्या हौशी मंडळींनी मुंबईतून पहिले प्रसारण केले. पुढे 23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबई केंद्राचे रीतसर उद्घाटन झाले. हे केंद्र सरकारचे नव्हते. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीचे होते. महिन्याभराने याच कंपनीने कलकत्त्यात दुसरे केंद्र काढले.

कंपनीचे अधिकृत भांडवल 15 लाख रुपये, पण जमा झाले फक्त 6 लाख. त्यांतले सुमारे साडेचार लाख दोन केंद्रे उभारण्यातच गेले. म्हणजे चार आण्यांतले तीन आणे इमारत आणि यंत्रांत अडकले, फिरवायला एकच आणा उरला. आपल्या धंद्यातही दुकानाच्या सजावटीत भांडवल घालून मालाला पैसा न उरलेले लोक आपण पाहिले आहेत.

उत्पन्न दोन वाटांनी यायचे. रेडिओ ठेवणाऱ्याला वर्षाला 10 रुपयांचा परवाना घ्यावा लागे, त्यातला मोठा हिस्सा कंपनीला मिळे. शिवाय परदेशातून येणाऱ्या यंत्रांवर टक्केवारी होती. पण संच महाग, केंद्राची ताकद अवघी दीड किलोवॅट आणि टप्पा सुमारे 30 मैल. 1930 च्या सुमारास साऱ्या देशात परवानाधारक आठ हजारांच्या आतच होते. परवाना न घेता चोरून ऐकणारे वेगळेच. दुकानातून कापड उचलून नेले तर दुकानदाराला कळते. हवेतून आवाज कोणी फुकट नेला, हे कंपनीला कळणार कसे? माल रोज पाठवायचा आणि वसुलीचा पत्ता नाही, अशी पेढी किती दिवस चालणार! मार्च 1930 मध्ये कंपनी बुडाली. 1 एप्रिल 1930 पासून सरकारने केंद्रे हाती घेतली आणि 8 जून 1936 रोजी ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले.

एएम म्हणजे काय?

मुंबई केंद्राचे हे प्रसारण मध्यम लहरींवर, म्हणजे ज्याला आपण एएम म्हणतो त्यावर होत असे. यात आवाजाप्रमाणे रेडिओ लहरीची उंची कमीजास्त केली जाते. ही लहर दिवसा जमिनीच्या कडेने लांबवर जाते आणि रात्री वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून आणखी दूरवर उतरते. एफएमची लहर बहुतांशी सरळ रेषेत जाते, डोंगर किंवा उंच इमारत आडवी आली की अडते. एफएमचा आवाज स्वच्छ असतो. एएममध्ये विजेची मोटर सुरू झाली की खरखर येते, हे यंत्रमागवाल्यांना सांगायला नको. म्हणून गाण्यासाठी एफएम सरस, पण बातम्या, भाषणे, चर्चा यांना एएम पुरेसे. स्वस्त संच आणि लांबचा पल्ला यांमुळे ते गरिबाच्या घरी पोहोचले.

मुंबई केंद्राचे कार्यक्रमही त्याच बेताने आखलेले होते. प्रादेशिक बातम्या, शेतकऱ्यांसाठी सल्ला आणि बाजारभाव, गिरणगावासाठी कामगारांचा कार्यक्रम, स्त्रियांसाठी ‘वनिता मंडळ’, मुलांसाठी ‘गंमत जंमत’. ‘पुन्हा प्रपंच’ मधले टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत तर घरच्या माणसांसारखे झाले. प्रत्येक गिऱ्हाइकाचे माप वेगळे, म्हणून शिलाईही वेगळी.

गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी गेले

स्वातंत्र्यानंतर माहितीमंत्री बा. वि. केसकर यांनी 1952 च्या सुमारास आकाशवाणीवरील चित्रपट गीतांना चाप लावला. शास्त्रीय संगीत लोकांच्या कानी पडावे, हा हेतू चांगला होता. पण लोकांनी रेडिओची सुई फिरवून रेडिओ सिलोन लावले. तिथे 1952 च्या अखेरीस ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि तिचे निवेदक होते आपल्या मुंबईचेच अमीन सयानी. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि प्रसारण कोलंबोहून. माल मुंबईचा, कारागीर मुंबईचा, गिऱ्हाईकही इथलेच, पण जाहिरातीचा पैसा समुद्रापलीकडच्या केंद्राला!

सयानींची सोपी बोली घरातूनच आली होती. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी ‘रहबर’ हे पत्र देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत काढीत. भाषा एकच, सोपी हिंदुस्तानी. फेब्रुवारी 2024 मध्ये अमीन सयानींचे निधन झाले तेव्हा साऱ्या देशाने ‘बहनों और भाइयों’ हा आवाज आठवला.

आकाशवाणीला चूक उमगली. 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली आणि 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई, पुणे, नागपूर येथे तिच्यावर जाहिराती घ्यायला सुरुवात झाली. परवान्याच्या वसुलीवर पुरे न पडणारे घर जाहिरातीने सावरायला लागले. पुढे तर रेडिओचा परवानाच रद्द झाला.

आपण काय घ्यावे

गेल्या काही वर्षांत देशातील अनेक जुने मध्यम लहरी प्रक्षेपक बंद झाले. यंत्रे जुनी, विजेचे बिल मोठे आणि संच घेणारे कमी. आकाशवाणीचे कार्यक्रम आता मोबाइलवरही ऐकता येतात. पण खासगी एफएम 2001 साली आले तेव्हा त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा मिळाली नाही, त्यामुळे तिथे गाणी आणि गप्पाच फार. बाजारभाव, सरकारी योजना, कारागिराच्या कामाची माहिती, हे सारे अजून आकाशवाणीच्या बोलण्याच्या कार्यक्रमांतच शोधावे लागते. ते बंद पडले तर पैसेवाल्याचे काही बिघडणार नाही. नुकसान होईल ते कान मोकळा असलेल्या कारागिराचे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. जो कार्यक्रम उपयोगी वाटतो, त्याबद्दल केंद्राला पत्र लिहा. ऐकणारा आहे हे कळल्याशिवाय कोणी कार्यक्रम टिकवीत नाही. आपल्या मालाची जाहिरात देणार असाल तर रेडिओवर वेळ दहा-दहा सेकंदांच्या मापाने विकली जाते, हे ध्यानात ठेवा. दहा सेकंदांत वीस-पंचवीस शब्दच बसतात. मालाचे नाव, दुकानाचा ठिकाणा आणि एक खरी गोष्ट, इतकेच सांगा. आवाज हवेत विरतो, पण ऐकणाऱ्याच्या मनात बसलेला खोटा शब्द विरत नाही. तिजारतीत बरकत येते ती वसुलीचा हिशेब ठेवल्याने, गिऱ्हाइकाची आवड ओळखल्याने आणि खरे बोलल्याने. पहिल्या दोन गोष्टी मुंबई केंद्र ठेच खाऊन शिकले. आपण पाहून शिकलो तरी पुष्कळ.