काळा दगड आणि आकाशातला दगड

नांदेड-लातूरकडे फिरताना लोक मला ‘आकाशातून पडलेले’ दगड आणून दाखवतात. आजवर पाहिलेल्यांपैकी एकही अशनी निघाला नाही. बहुतेक आपलाच काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. यात त्यांचा दोष नाही. हवेतून येताना अशनीचा पृष्ठभाग वितळतो आणि त्यावर काळी साय धरते, त्यामुळे बाहेरून तो आपल्या दगडाचा सख्खा भाऊ दिसतो. चुंबक लावून पाहा म्हणतात, पण बेसाल्टमध्येही मॅग्नेटाइट असते. तोही थोडाफार ओढला जातो.

खरा फरक आत. टवका उडालेल्या जागी पाहावे. पाषाणी अशनी आतून सहसा राखाडी असतो: ऑलिव्हीन, पायरॉक्सीन, थोडे फेल्डस्पार आणि मध्ये मध्ये लोह-निकेलचे चमचमते कण. असे धातुरूप लोखंड आपल्या बेसाल्टमध्ये मिळत नाही. बहुतेकांत राजगिऱ्याएवढे गोल मणीही असतात, सूर्याभोवतीच्या धुळीचे वितळून थिजलेले थेंब. त्यांचे वय सुमारे ४५६ कोटी वर्षे. आपला बेसाल्ट साडेसहा कोटींचा, कालचा पोर.

आपल्याकडे अशनी पडलेच नाहीत असे नाही. २९ सप्टेंबर १९२८ला परभणी जिल्ह्यात, तेव्हाच्या निजामाच्या मुलखात, नावकीला एक पडला. त्याची नोंद ‘एच ६’ गटात आहे: लोखंड अधिक, आणि मूळ लघुग्रहाच्या पोटात तापून मणी पुसट झालेले.

नागपूर जिल्ह्यात काटोलला २२ मे २०१२च्या दुपारी पडलेल्या दगडांची गोष्ट याहून नवलाची. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२१मध्ये त्यांत ब्रिजमनाइट सापडल्याचे जाहीर केले. पृथ्वीच्या पोटात सर्वांत विपुल असलेले हे खनिज साधारण ६६० किलोमीटरखाली असते आणि तिथून वर येईपर्यंत टिकत नाही. काटोलच्या दगडात ते अवकाशातल्या टकरीच्या क्षणिक दाबाने घडले. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे विंधनविवर घेतले, तेव्हा ३३८ मीटर बेसाल्टखाली जुना खडक लागला. एवढ्यालाच केवढा खटाटोप! ६६० किलोमीटरवर कोण जाणार?

म्हणून दगड पडताना खरोखर पाहिलात तर त्याला शेंदूर फासू नका, धुऊ नका, फोडून वाटू नका. ओलाव्याने आतले लोखंड गंजते. जागा आणि वेळ लिहून ठेवा, दगड कोरड्या कापडात गुंडाळा आणि तहसीलदारांमार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.