उतारवयाची पुंजी (भाग ९) : ‘बिनशर्त’ हा एक शब्द

गेल्या शनिवारी बँकेतल्या जोडखात्याबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते आज नाही. मधल्या दिवसांत वाई तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं. त्या येत्या पंधरवड्यात एका दस्तावर सही करणार आहेत. जोडखातं आठवडाभर थांबेल, पण सही होऊन गेल्यावर या पत्राला उत्तर देऊन काय उपयोग?

बाईंचं वय ७१. यजमान नाहीत, घर त्यांच्या एकटीच्या नावावर. मुलगा म्हणतो, ‘आई, मृत्युपत्र वगैरे नको, बक्षीसपत्र करून टाकू. २०० रुपयांच्या मुद्रांकात होतं.’ मुलगा चांगला आहे, हे पत्रात दोनदा लिहिलंय. शेवटी प्रश्न : ‘करू का?’

२०० रुपयांचं खरं आहे. महाराष्ट्रात २०१५पासून राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीस दिली, तर मुद्रांक शुल्क तेवढंच लागतं. स्थानिक अधिभार निराळा. पण खर्च कमी म्हणून काम लहान, असं समजू नका. बक्षीसपत्राची नोंदणी झाली की मालकी गेली. मृत्युपत्राचं तसं नाही. ते साध्या कागदावर होतं, दोन साक्षीदार पुरतात, नोंदणीची सक्ती नाही, आणि मन बदललं तर नवं लिहिता येतं. डोळे मिटेपर्यंत घर तुमचंच. त्यामुळे माझं पहिलं उत्तर : घाई नसेल तर मृत्युपत्र करा.

तरीही बक्षीसपत्रच करायचं असेल, तर पुढचं नीट वाचा.

काही वर्षांपूर्वी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एसटीतून निवृत्त झालेले एक चालक आले. घर मुलाला दिलेलं, आणि आता स्वतःची खाट ओसरीवर. पिशवीतून त्यांनी दस्ताची प्रत काढली. तिच्यात ठरावीक मजकूर होता : ‘प्रेम व आपुलकीपोटी, बिनशर्त, कायमस्वरूपी बक्षीस दिली आहे.’ मी विचारलं, ‘अण्णा, सांभाळायची अट घातली नाही?’ ते म्हणाले, ‘पोटच्या पोराला अट कशी घालायची?’

‘बिनशर्त’ हा शब्द अण्णांनी सांगितलेला नव्हता. दस्त लिहिणाऱ्याकडे तयार मसुदा असतो. त्यात नावं आणि चतुःसीमा बदलतात, बाकीचा मजकूर तसाच राहतो. पण त्याच एका शब्दाने त्यांच्या हातातलं सर्वांत मोठं हत्यार काढून घेतलं.

ते हत्यार म्हणजे आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाच्या २००७च्या कायद्यातलं कलम २३. साठी ओलांडलेल्या माणसाने मूलभूत सोयी आणि शारीरिक गरजा भागवण्याच्या अटीवर मिळकत दिली, आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दडपणाखाली झालं असं कायदा धरून चालतो. देणाऱ्याने मागणी केली की न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकतं. हे न्यायाधिकरण आपल्याकडे प्रांताधिकाऱ्यांकडे असतं, त्यामुळे दिवाणी दाव्याच्या तारखा मोजत बसावं लागत नाही. पण सगळी मदार ‘अटीवर’ या शब्दावर आहे.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२मध्ये हेच स्पष्ट केलं : सांभाळण्याची अट होती हे दाखवता आलं नाही, तर कलम २३ लागू होत नाही. पुढे २ जानेवारी २०२५ला मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईला याच न्यायालयाने घर परत मिळवून दिलं. तिने २०१९मध्ये मुलाला बक्षीसपत्र करून दिलं होतं. मुलगा आईला सांभाळतो असा उल्लेख त्यात होता, आणि पुढेही सांभाळीन असं मुलाचं वचनपत्र सोबत होतं. वचनपत्र बनावट असल्याचा बचाव मुलाने केला. उच्च न्यायालयाच्या खंडपीठात आई हरलीसुद्धा होती. सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा हेतू ध्यानात घेऊन उदार अर्थ लावला, तेव्हा तिची सुटका झाली. दस्तातच अट स्वच्छ लिहिलेली असती, तर एवढा वाद उरलाच नसता.

अण्णांच्या दस्तात तसं एकही वाक्य नव्हतं. त्यामुळे कलम २३खालचा त्यांचा अर्ज फेटाळला गेला. त्याच कायद्याखाली दरमहा निर्वाहभत्ता मागता येतो. त्याची कमाल मर्यादा या कायद्यात १०,००० रुपये आहे. तो त्यांना मिळाला, घर मात्र परत मिळालं नाही.

तेव्हा बाई, मसुद्यातला ‘बिनशर्त’ शब्द काढायला लावा आणि त्या जागी असं काही लिहून घ्या : ‘लिहून घेणार यांनी लिहून देणार यांच्या राहण्याची, जेवणखाणाची व औषधपाण्याची व्यवस्था त्यांच्या हयातभर करावी, या अटीवर ही मिळकत दिली आहे. अट न पाळल्यास हे बक्षीसपत्र रद्द होण्यास पात्र राहील.’ शिवाय आणखी एक वाक्य : ‘लिहून देणार यांना या घरात तहहयात राहण्याचा हक्क राहील.’ मात्र ‘मला वाटेल तेव्हा परत घेईन’ असं लिहू नका. नुसत्या देणाऱ्याच्या मर्जीवर रद्द होणारं बक्षीस मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२च्या कायद्यानुसार निरर्थक ठरतं. कारण नेमकं हवं.

हे लिहायला लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. अण्णांनाही वाटली होती. पण मुलगा तुम्हाला आजही सांभाळतोच आहे, मग अट लिहिल्याने त्याचं काय जाणार? आणि चांगला मुलगाही उद्या कर्जात सापडू शकतो, आजारी पडू शकतो, आईच्या आधी जाऊ शकतो. त्या दिवशी घर कुणाच्या हाती असेल, हे आज दोघांनाही सांगता येत नाही. ही वाक्यं त्या दिवसासाठी आहेत. मुलाला जवळ बसवून अगदी असंच सांगा.

नोंदणीच्या आदल्या दिवशी मसुदा घरी मागवा आणि चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नंबर लागल्यावर वाचायला सवड मिळत नाही. हवं तर सहीच्या आधी मसुद्याची प्रत मला पाठवा. मी त्याच दिवशी वाचून उत्तर देईन.

जोडखातं पुढच्या शनिवारी.