दोन विमान कंपन्या, दोन तिकिटं: विमा घेताना हे नक्की बघा

मुंबई-दुबई एका कंपनीचं, दुबई-रोम दुसरीचं. भाडं वाचतं, पण जोखीम आपल्यावर येते. एकाच पीएनआरवर प्रवास असेल तर पहिलं विमान उशिरा आल्यास पुढची सोय विमान कंपनी करते. पीएनआर वेगळे असतील तर दुसरी कंपनी तुम्हाला 'नो शो' धरते, आणि बहुतेकदा त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही रद्द होतो!

म्हणून पॉलिसीत नुसतं 'मिस्ड कनेक्शन' दिसलं की खूश होऊ नका. वेगळ्या तिकिटांना ते लागू आहे का, किती तासांच्या उशिरानंतर, दोन विमानांत किमान किती वेळ हवा, हे वाचाच. शेंगेन व्हिसासाठी लागणारं ३०,००० युरोंचं कवच वैद्यकीय असतं, त्यात हे येत नाही.

विमान उशिरा आलं तर त्या कंपनीकडून लेखी दाखला विमानतळावरच मागून घ्या. क्लेमला लागतो.