बंदर नसलेला दिवस

अलास्काच्या क्रूझचे माहितीपत्रक हातात आले की मराठी घरात पहिली मोजदाद होते ती बंदरांची. केचिकन, जुनो, स्कॅगवे, सिटका. किती गावे दाखवणार, किती वेळ उतरू देणार, जेवणात शाकाहारी काय असणार. सात रात्रींच्या त्या तक्त्यात एका ओळीत मात्र बंदराचे नावच नसते. एखाद्या हिमनदीचे किंवा खाडीचे नाव असते, आणि जहाज तिथून फिरून येईल एवढेच लिहिलेले असते. ही ओळ वाचणाऱ्याला रिकामी वाटते. दोन सहली शेजारी ठेवल्या की जिच्यात बंदर एक जास्त तीच किफायतशीर, असा हिशेब होतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. हिमनदी पाहायलाच निघाला असाल तर तक्ता त्या रिकाम्या ओळीपासून वाचायला घ्यावा. जहाज बर्फासमोर किती तास असेल हे आधी विचारावे. कंपनी, केबिन, बंदरे हे सगळे त्यानंतर.

मुरबाडजवळच्या धसई परिसरातल्या माणसाला हे पटवायला फार खटपट पडू नये. गावाच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे: गोरखगडाचा सुळका, आहुपे घाट, आणखी वर नाणेघाट आणि माळशेज. पावसाळ्यात ही भिंत ढगात बुडालेली असते. सुट्टीच्या दिवशी कल्याण-मुरबाडवरून माळशेजकडे गाड्यांची रांग लागते. पाच पॉइंट ठरवून आलेले लोक प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे थांबतात आणि बहुतेक ठिकाणी धुक्याचाच फोटो काढून परततात. धबधबे दिसतात ते एका वळणावर तास-दीड तास तग धरून बसलेल्याला, कारण ढग आपल्या सवडीने हटतो. दक्षिणपूर्व अलास्काचे हवामान याच जातीचे आहे. समुद्रावरची ओली हवा किनाऱ्यालगतच्या डोंगरावर चढते आणि रिती होते. केचिकनला वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तीच हवा उंचावर बर्फ होऊन पडते, म्हणून तर तिथल्या हिमनद्या थेट समुद्रापर्यंत उतरतात. ढगाची तक्रार करण्यात अर्थ नाही, हिमनदी त्याच्याच जिवावर उभी आहे. आपल्या हातात आहे ते एवढेच, की ढगाला हटायला पुरेसा वेळ द्यायचा.

असा वेळ सर्वांत भरवशाने मिळतो तो ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात, आणि त्याचे कारण त्या खाडीच्या इतिहासातच आहे. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकूव्हरच्या मोहिमेतली माणसे तिथे पोचली तेव्हा खाडी नव्हतीच; बर्फाची भिंत होती आणि तिच्यात जेमतेम आठ किलोमीटरची खोबण. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर होडीतून आला तोवर बर्फ साठाहून अधिक किलोमीटर मागे हटला होता. आज ती खाडी शंभर किलोमीटरहून लांब आहे. जहाजाला हे अंतर आत जाऊन त्याच वाटेने बाहेर यावे लागते, त्यामुळे मोठ्या जहाजाचे इथले दर्शन साधारण नऊ-दहा तासांचे होते. उद्यानाचे रेंजर लहान बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. प्रवाशांना मात्र किनाऱ्यावर उतरवत नाहीत. दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश आहे आणि तो परवाना मोजक्याच कंपन्यांकडे आहे. आत शिरल्यावर मार्जरी हिमनदीसमोर जहाज तासभर उभे राहते. सुमारे दीड किलोमीटर रुंद आणि पाण्यावर सत्तरएक मीटर उंच असा तो कडा आहे. जुना, दाबून घट्ट झालेला बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो, म्हणून भेगा निळ्या दिसतात. कड्याचा तुकडा पाण्यात पडताना आधी दिसतो, गडगडाट मागून येतो. शेजारची ग्रँड पॅसिफिक हिमनदी माती-दगडांनी इतकी झाकलेली आहे की अनेक जण तिला टेकडी समजून पाठ फिरवतात. जॉन्स हॉपकिन्सचा फाटा तर मे ते ऑगस्ट मोठ्या जहाजांना बंद असतो, कारण तिथे सील माद्या पिल्ले घालतात. जूनच्या सहलीत कोणी जॉन्स हॉपकिन्स जवळून दाखवतो म्हणाला, तर त्याची बाकीची आश्वासनेही तपासून घ्यावीत.

हबर्ड हिमनदीची गोष्ट निराळी. ती सुमारे १२० किलोमीटर लांब, मुखाशी दहाएक किलोमीटर रुंद, आणि जगातल्या बहुतेक हिमनद्या मागे हटत असताना ही पुढे सरकते आहे. १९८६ आणि २००२ मध्ये तिने रसेल खाडीचे तोंडच बंद केले होते. जहाज किती जवळ जाईल हे पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फावर आणि कप्तानाच्या निर्णयावर ठरते. ट्रेसी आर्म आणि एंडिकॉट आर्म या अरुंद खाड्या. पुष्कळ तक्त्यांत त्यांना जुनोच्या आधीच्या सकाळचे काही तासच दिलेले असतात. १० ऑगस्ट २०२५ रोजी ट्रेसी आर्ममध्ये डोंगराचा कडा कोसळून प्रचंड लाट उसळली. त्यानंतर काही कंपन्यांनी तिथला मार्ग बदलून एंडिकॉट आर्मकडे, म्हणजे डॉझ हिमनदीकडे, वळवला. म्हणून नुसते नाव वाचून भागत नाही, त्यापुढची वेळ वाचावी.

कुठून निघायचे याचा निर्णयही याच कसोटीवर लागतो. सिएटलहून निघून सिएटललाच परतणारी सहल विमानतिकिटाला सोपी पडते, पण तिची वाट बरीचशी खुल्या समुद्रातून असते. शिवाय अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यामुळे परदेशी निशाणाच्या जहाजाला वाटेत परदेशी बंदर घ्यावे लागते. ती अट सहसा कॅनडातल्या व्हिक्टोरियात एका संध्याकाळी उरकली जाते. म्हणजे कॅनडाचा व्हिसा टळत नाहीच. व्हँकूव्हरहून अलास्कातल्या सुअर्ड किंवा व्हिटियरपर्यंतचा एकेरी मार्ग बराचसा बेटांच्या आडून, शांत पाण्यातून जातो आणि त्यात कधी कधी ग्लेशियर बे व हबर्ड दोन्ही मिळतात. एक दिवस धुक्यात गेला तरी दुसरा उरतो. परतीचे विमान महाग पडते, पण ते पैसे कारणी लागतात असे मला वाटते. महिना मे किंवा जून घ्यावा. आपली शाळेची सुट्टी आणि लावणीआधीची मोकळीक तेव्हाच असते. तिकडे पाऊस त्यातल्या त्यात कमी असतो, आणि जूनअखेर जुनोला दिवस अठरा तासांचा असतो.

बाल्कनी नसेल तर काय दिसणार, ही शंका हमखास येते. जहाज हिमनदीसमोर स्वतःभोवती सावकाश फिरते, त्यामुळे दोन्ही बाजूंना पाळी येते, आणि उघडा डेक सर्वांचाच असतो. बाल्कनीचे पैसे दुसऱ्या हिमनदीवर घालावेत. बर्फच पाहायचा तर गोमुख काय वाईट, हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. गुडघे शाबूत असतील तर आधी गोमुखालाच जावे, असे मीही म्हणेन. पण गंगोत्रीपासून अठरा किलोमीटरची चाल, चार हजार मीटरच्या जवळपासची विरळ हवा आणि दिवसाला दीडशेच परवाने. सत्तरीतल्या आईवडिलांना घेऊन हे जमत नाही. शिवाय समुद्रात तुटून पडणारा बर्फ तिथे नाही. जहाजाच्या धुराने वितळणारा बर्फ बघायला जहाजानेच जायचे, या टोमण्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. दोन जहाजांची मर्यादा खाडीतली गर्दी रोखते, मुंबईहून उडालेल्या विमानाचा हिशेब ती पुसत नाही. त्यातून एवढेच निघते की जायचे तर एकदाच जावे, आणि पुन्हा जावेसे वाटू नये इतका वेळ बर्फासमोर काढावा.

उरला शेवटचा आक्षेप: आपण ग्रुप टूरने जाणार, जहाज कंपनी ठरवणार, आपल्या हातात काय? पुष्कळ आहे. पैसे भरण्याआधी जहाजाचे नाव आणि तारीख विचारता येते. ग्लेशियर बे उद्यान कोणत्या तारखेला कोणते जहाज आत येणार याचे वेळापत्रक जाहीर करते. ते मोबाइलवर पाहता येते. आपल्या तारखेसमोर आपल्या जहाजाचे नाव नसेल, तर टूर मॅनेजरला विचारायचे, की मग बर्फासमोर आम्ही कुठे आणि किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत असणार, आणि उत्तर लेखी मागायचे.