पोर्गचं बिऱ्हाड

गोल गरगरीत अंग, पाणीदार टपोरे डोळे आणि कायम 'अय्या!' म्हटल्यासारखा चेहरा. २०१७ च्या डिसेंबरात 'स्टार वॉर्स : द लास्ट जेडाय' हा चित्रपट आला आणि अवघ्या काही दृश्यांत या पक्ष्याने बच्चेकंपनीला खिशात टाकलं. त्याचं नाव पोर्ग. पत्ता : आक्-टू नावाच्या ग्रहावरचं एक खडकाळ बेट. चला, भेटू या त्याला!

तीन प्राणी, एक पक्षी
पोर्गचं रूप रेखाटलं जेक लंट डेव्हिस या डिझायनरने. डोळे घेतले सीलचे, फुगीर मजेशीर तोंड घेतलं पग कुत्र्याचं (हो, मोबाइलच्या जाहिरातीमुळे आपल्या ओळखीचा झालेला तोच!) आणि बाकीचा पक्षी आला पफिन या समुद्रपक्ष्याकडून.

नर कोण, मादी कोण?
डोळ्यांभोवती नारिंगी पिसं दिसली आणि अंगाने जरा थोराड असला, तर तो नर. पिल्लाला म्हणायचं पोर्गलेट. घरटी कड्याकपारीत.

घुसखोर, पण गोड
पोर्गचा स्वभाव भारी चौकस. बेटावर उतरलेल्या 'मिलेनियम फाल्कन' या अंतराळयानात ही मंडळी शिरतात आणि तिथेच घरटी थाटतात. पूर्वी आपल्याकडे भिंतीवरच्या तसबिरीमागे चिमणी काड्या आणून बिऱ्हाड करायची, अगदी तसंच! यानाचा केसाळ सहवैमानिक च्युबाका आधी एक पोर्ग भाजून खायला बसतो. पण समोर इतर पोर्ग डोळ्यांत पाणी आणून बघत राहतात आणि त्याचा घास हातातच राहतो. पुढे तेच पोर्ग त्याच्यासोबत लढाईतही उडतात.

हाकलता येईना, मग सामावून घेतलं
पोर्ग जन्माला आला तो एका अडचणीतून. आक्-टूची दृश्यं चित्रित झाली आयर्लंडच्या केरी किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवरच्या स्केलिग मायकल बेटावर. उन्हाळ्यात हे बेट पफिनांनी गजबजतं आणि पक्ष्यांना तिथे कायद्याचं संरक्षण आहे, त्यांना हुसकावणं शक्यच नाही. संगणकावर एकेक पफिन पुसायचा, तर तेही जिकिरीचं काम. लंट डेव्हिस सांगतात, मग ठरलं की त्यांच्याऐवजी बेटाचा स्वतःचा पक्षीच घडवायचा. दिग्दर्शक रायन जॉन्सन यांनी त्याला कथेत जागा दिली. काही दृश्यांत कळसूत्री पोर्ग नाचले, काहींत संगणकावर घडवलेले.

बेटावरचा धाकटा बंधू
स्केलिग मायकलवर हजारेक वर्षांपूर्वी ख्रिस्ती साधू राहत. ६०० हून अधिक दगडी पायऱ्या आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या त्यांच्या दगडी झोपड्या आजही उभ्या आहेत. १९९६ पासून हे बेट जागतिक वारसास्थळ आहे. आता गंमत ऐका : पफिनचं शास्त्रीय नाव 'फ्रेटर्क्युला आर्क्टिका', आणि त्यातल्या 'फ्रेटर्क्युला'चा अर्थ मठातला धाकटा बंधू! काळा झगा आणि पांढरं पोट पाहून हे नाव शोभतंच.

खरा पक्षी काल्पनिकाला भारी
पफिनची नारिंगी-निळसर चोच फक्त विणीच्या हंगामातली. हिवाळ्यात तिचा रंगीत बाह्यभाग गळून पडतो. जिभेवर आणि टाळूवर मागे वळलेले काटे असतात, त्यामुळे आधी पकडलेले मासे चोचीत आडवे घट्ट धरून तो आणखी मासे टिपतो. पाण्याखाली पंखांनीच पोहतो. जोडपं वर्षाला एकच अंडं घालतं, तेही जमिनीतल्या बिळात, आणि पिल्लाला दोघं मिळून भरवतात.

जागा खऱ्यालाही हवी
एकच अंडं, म्हणजे पिल्लू उपाशी राहिलं तर त्या जोडप्याचं अख्खं वर्ष वाया. समुद्र तापतोय, पिल्लांचं आवडतं खाद्य असलेले सँडईल मासे कमी होताहेत आणि अटलांटिक पफिनची गणना आता धोक्यातल्या पक्ष्यांत होते. म्हणूनच २०२४ मधली एक बातमी मोलाची : स्कॉटलंडच्या साऱ्या समुद्रात आणि उत्तर समुद्राच्या इंग्लंडकडच्या हद्दीत सँडईलची मासेमारी बंद झाली. च्युबाकाचा घास हातातच राहिला होता, तसा माणसानेही आपला घास आवरला, तोही खऱ्या पिल्लांसाठी.