भोरगिरी : भीमाशंकराच्या जुन्या वाटेवरचे गाव

चाकणच्या चौकात मालमोटारींच्या रांगेत खोळंबलेल्या प्रवाशाला, ज्या संग्रामदुर्गात फिरंगोजी नरसाळ्याने 1660 साली शायिस्तेखानाच्या अफाट फौजेला सुमारे दोन महिने थोपवून धरले, त्या भुईकोटाचे भग्न बुरूज जवळच उभे आहेत याची सहसा दादही नसते. मग येथून उत्तरेस राजगुरुनगर गाठून, पश्चिमेस वळून, भीमेच्या काठाकाठाने थेट भीमाशंकरास जाणारी एक जुनी यात्रावाट आहे, हे त्याला कोठून ठाऊक असणार? बाजीरावपत्नी काशीबाईंचे माहेर असलेले चास आणि त्यापुढील वाडा ही गावे मागे टाकली, की डोंगर दोहों बाजूंनी जवळ सरकू लागतात, आणि गाडीरस्ता जेथे संपतो तेथे, त्याच नावाच्या गडाच्या पायथ्याशी, भोरगिरी वसलेले आहे.

गडाच्या पोटात कोरलेली लेणी आहेत, त्यांत शिवलिंग आहे. परंतु अभ्यासकाने रेंगाळावे ते खाली, नदीकाठच्या कोटेश्वरापाशी. देऊळ नव्याने बांधलेले. मात्र जुन्या देवळाच्या कोरीव शिळा आवारात इतस्ततः पडल्या आहेत, आणि त्यांच्यावरची पुसट नक्षी उन्हे कलल्यावरच नीट उमटते. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमांपाशी बांधलेल्या बारा शिवालयांपैकी हे एक, असे सर्रास लिहिले जाते. खारेपाटणच्या शके 1016 च्या ताम्रपटात झंझाने शंभूची बारा देवालये उभारल्याचा उल्लेख आहे खरा, पण ती कोठे, हे तो ताम्रपट सांगत नाही. स्थळांची यादी पुढल्या काळातील भाविक आणि अभ्यासक यांनी मिळून भरलेली आहे. मला ह्या गावाचे महत्त्व झंझापेक्षा वाटेत अधिक दिसते.

कोकणची माणसे खांडसहून गणेश घाटाने अथवा शिडी घाटाने भीमाशंकरास चढत. ह्या बाजूच्या देशावरच्या यात्रेकरूंना भोरगिरीची वाट सोयीची. जवळचे खरोशी गाव शिवाजी महाराजांनी भीमाशंकराच्या देवस्थानास दिले असे सांगतात. मंदिराच्या बांधकामात नाना फडणविसांचा हात होता, आणि दारची पोर्तुगीज घंटा चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसई-विजयाची. चर्चची घंटा ज्योतिर्लिंगाच्या दारी वाजावी, ह्यात कोणास काही वावगे वाटले नाही. आता मंचर-घोडेगावकडून मोटारी देवळाच्या पायऱ्यांपर्यंत जातात, आणि भोरगिरीची वाट गुप्त भीमाशंकरावरून रानातून दोन-तीन तासांत वर पोचते, ती बहुधा भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांतून सुटीच्या दिवशी आलेल्या पोरांसाठी. हे रान 1985 पासून अभयारण्य आहे, आणि शेकरूचे घरटे पाहण्याच्या नादात ही मंडळी कोटेश्वराकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

गावकरी बहुतांश महादेव कोळी. भातखाचरांचे पीक पुरेसे नाही म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी रानातला बाळहिरडा झोडून आणायचा, सारवलेल्या अंगणात पसरायचा, आणि हिरवी फळे सुरकुतून काळी ठिक्कर पडली की व्यापाऱ्याच्या काट्यावर घालायची, हा नगदी रकमेचा मार्ग; तरुणांना मात्र चाकणच्या कारखान्यातली पाळी अधिक भरवशाची वाटते, आणि त्यात त्यांचे चुकते असे म्हणवत नाही.

सरकारदरबारी एवढीच विनंती करावीशी वाटते, की पुढला जीर्णोद्धार निघण्यापूर्वी कोटेश्वराच्या शिळांची मोजदाद आणि छायाचित्रे पुरातत्त्व खात्याच्या दप्तरी जमा व्हावीत. कारण सिमेंटच्या ओट्यात एकदा शिळा चिणली गेली, की झंझाविषयीचा वाद सोडवण्यास ती पुन्हा हाती लागत नाही.